स्लॅबाखालची चूल

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडापुढं धरला, मान एकदा इकडं एकदा तिकडं करून बघितला, आणि तो टेबलावर ठेवता ठेवता चिमणाबाईला विचारलं, विडी ओढता काय. तिला आधी हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसलीसुद्धा, आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. मग तिनं डोळे पुसले. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावाहून येऊन नवा दवाखाना घातलेले. त्यांनी हसणं मनावर घेतलं नाही. बायका मिसरी लावतात, तंबाखू मळतात, एखादी ओढतेही आणि घरच्या माणसापुढं कबूल करायला कचरते, असं ते समजुतीच्या आवाजात म्हणाले. ही छाती वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या माणसाची आहे. धूर आत जाणं थांबलं नाही तर पुढचा हिवाळा काढणं अवघड होईल. मग ते हंबीररावाकडं वळले आणि म्हणाले, तुम्ही सांगा. हंबीरराव टोपी मांडीवर घेऊन बसला होता. एवढा आडमाप गडी, कारखान्यात लेथपुढं उभा राहिला की यंत्र लहान दिसावं, पण दवाखान्याच्या लोखंडी खुर्चीत तो अंग चोरून बसला होता. त्यानं आधी बायकोकडं बघितलं. तोंडाकडं नाही, उजव्या हाताच्या बोटांकडं. मग म्हणाला, "न्हाई. माझ्या देखत तर न्हाई."

रस्त्यावर आल्यावर त्यानं सवयीनं खिशातून विडी काढली, ओठात धरली, आणि काडी ओढायच्या आधी तिच्याकडं बघून ती परत खिशात टाकली. महाद्वार रोडला गर्दी होती. त्यानं तिचा दंड धरून तिला रस्ता ओलांडून दिला, औषधाच्या दुकानात बाटली घेतली, गोळ्या घेतल्या, पिशवी स्वतःच्या हातात ठेवली. एवढं सगळं तो नीट करत होता आणि तिला त्यातलं काहीच लागत नव्हतं. दाढ काढल्यावर गालाचं होतं तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. आपल्याला काहीतरी झालंय हे कळतं, पण दुखत नाही. माझ्या देखत तर न्हाई. म्हणजे माघारी असेल. तीस वर्षांचा संसार, आणि माणसाला एवढी जागा ठेवावी वाटली. तिला राग यायला पाहिजे होता. राग कसा येतो ते तिला आठवत होतं, कानशिलं तापतात, ओठ कोरडा पडतो. यातलं काही झालं नाही. ती फक्त चालत राहिली आणि मनात हिशेब लावत राहिली की याच्या माघारी आपण काय काय करतो. भाकरी करतो. धुणं धुतो. शेणी रचतो, लाकडं फोडतो. पुन्हा भाकरी करतो. लेकीला, बायडीला पोर झालं तेव्हा वडगावला जाऊन राहिलो त्याच्या माघारी. एरवी त्याच्या माघारी म्हणजे दुसरं कुठं नाही, त्याच्याच घरात, पुढच्या सोप्यापासून दोन खोल्या आत, चुलीपाशी. पण तिथं तो कधी आलाच नव्हता. डोळ्याला धूर झोंबतो म्हणून जेवणाचं ताट सोप्यात जायचं, पाण्याचा तांब्या सोप्यात जायचा, आणि रिकामं ताट परत यायचं.

घरी आल्यावर त्यानं शिळी भाकरी आणि चटणी खाल्ली. अर्ध्या दिवसाची रजा होती, अर्धा दिवस भरायचा होता. सायकल काढायच्या आधी तो थांबला, मागं वळला, सोप्यातल्या कोनाड्यापर्यंत गेला आणि तिथला विड्यांचा कट्टा उचलून त्यानं खिशात घातला. इतकी वर्षं तो कट्टा तिथंच असायचा. कामावर जाताना तो चारदोन विड्या काढून न्यायचा, कट्टा राहायचा. हे त्यानं चोरून केलं नाही, तिच्यासमोर केलं, आजाऱ्यापुढून लोणचं उचलून ठेवावं तसं, काळजीनं. "गोळ्या घे वेळेवर," असं म्हणाला आणि उद्यमनगरच्या कारखान्याच्या रस्त्याला लागला. काळजीच होती ती, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणूनच तिला काय करावं ते समजेना. शिवी दिली असती तर शिवी परत देता आली असती. ती थोडा वेळ मोकळ्या कोनाड्याकडं बघत उभी राहिली, मग आत गेली, आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून चूल पेटवली.

दिवस उजाडलेला असला तरी त्या खोलीत बल्ब लावावा लागे. एक खिडकी होती, अजून आहे. ती पूर्वी शेजारच्या गुंडूच्या परड्यात उघडायची, तिच्यातून गुंडूचा शेवगा दिसायचा. मग गुंडूनंही स्लॅब घातला आणि त्याची भिंत येऊन खिडकीच्या गजांना भिडली. गुंडूच्या स्लॅबाला घमेली द्यायला हंबीरराव स्वतः गेला होता; शेजारधर्म. आता खिडकी उघडली की पुढं विटा. चिमणाबाईनं त्या खाचेत मिठाची बरणी ठेवली होती. भिंतींना हिरवा ऑइलपेंट होता, तो निम्म्यापर्यंत हिरवा राहिला होता, वर काळा झाला होता, आणि छत तर असं तुळतुळीत काळं की बल्बचा उजेड त्यात पडलेला दिसे. पावसाळ्यात त्या भिंतींना घाम यायचा. उन्हाळ्यात वरून स्लॅब तापायचा आणि खालून चूल, मधे ती. तिनं ओल्या लाकडावर फुंकर घातली. धूर उठला, वर गेला, छताला टेकला, पसरला आणि कुठं जायचं ते न समजून हळूहळू खाली उतरू लागला, आधी तिच्या कपाळाशी, मग नाकाशी. रोजच उतरायचा. आज ती त्याच्याकडं बघत बसली.

जुन्या घरात धूर असा अडकत नव्हता. याच जागेवर होतं ते, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, देशी कौलांचं, बुटकं. त्यात फार सुख होतं असं नाही; पावसाळ्यात घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडलेली असायची, उंदीर आढ्यावरून कुस्त्या खेळायचे, एकदा तर बायडीच्या पाळण्यात विंचू निघाला. दरवर्षी वळवाच्या आधी कौलं परतायची, हाताची सालटं निघायची. गल्लीत स्लॅबाची घरं उठायला लागली तेव्हा ते पाहिजे असं नवऱ्याच्या आधी तिनंच बोलून दाखवलं होतं. पण त्या कौलांना फटी होत्या. चूल पेटली की धूर वर जायचा आणि शंभर फटींतून बाहेर पडायचा. हिवाळ्यात सकाळी पाण्याला जाऊन ती परत यायची तेव्हा लांबून घराच्या डोक्यावर वाफ दिसायची, सगळं घरच श्वास सोडतंय असं वाटे. चुलीच्या वर एक काचेचं कौल होतं. त्याच्यातून उन्हाचा तुकडा परातीत पडे, आणि पीठ मळता मळता तो सरकत कुठवर आला यावरून तिला वेळ समजायची. तेव्हा तिला खोकला नव्हता. निदान आठवत तरी नाही. आणि तेव्हा भाकरीचा वास यायचा. भाकरी टम्म फुगली, वरचा पापुद्रा फुटला आणि आतली वाफ निघाली की जो येतो तो. आताशा येत नाही. भाकरी करपली तरी तिला समजत नाही. डोळ्यांनी काळं दिसलं की मग उलथायची. आपल्या बायकोचं कामात लक्ष राहिलं नाही, वय झालं, असं हंबीरराव सोप्यातून म्हणतो, पण करपलेली खातो. लेकीनं गेल्या दिवाळीला सांगितलं, आई, तुझ्या लुगड्याला धुराचा वास मारतोय, आमच्या सासूबाई विचारत हुत्या. त्या दिवशीही तिनं लुगडं नाकाला लावून बघितलं होतं आणि तिला कसलाही वास आला नव्हता.

स्लॅब पडायचा दिवस म्हणजे लग्नाच्या तोडीचा. तालमीची पोरं लंगोट कसून आली होती, गल्लीतला बाप्या गडी एकही घरात थांबला नव्हता. मजुरी कुणी घ्यायची नाही, मटणाचं जेवण घ्यायचं, ही रीत. बाबालाल गवंडी माल कालवत होता आणि खालून वरपर्यंत माणसांची रांग, या हातातून त्या हातात घमेली चाललेली. चिमणाबाई घरासमोर, भर रस्त्यात, तीन विटांची चूल मांडून पन्नास माणसांचा रस्सा रटरटवत होती. आदल्या दिवशी ती कुंभाराकडं जाऊन एक मोठं मडकं घेऊन आली होती. बूड फोडून ते चुलीच्या बरोबर वर, फळ्यांवर उभं ठेवायचं, भोवतीनं माल टाकायचा, की मधे आपोआप धुराडं राहतं. असं तिनं मामाच्या गावात बघितलं होतं. बाबालालला विचारलं तर तो म्हणाला, "ठेवू की वैनी. घर तुमचं, भोक तुमचं." आणि त्यानं मडकं ठेवलंही. मग गावाकडून थोरले दीर आले, गणपतराव, फेटा बांधून, हातात नारळ. ते शिडीवरून वर गेले, सगळं फिरून बघितलं आणि मडक्यापाशी थांबले. "आरं, लोकं गळती बंद व्हावी म्हनून स्लॅब घालत्यात," ते हंबीररावाला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि तू पाऊस आत घ्यायला भोक ठेवलंयस व्हय?" सगळी गल्ली हसली. तालमीची पोरं हसली, बाबालाल हसला. हंबीररावही हसला, हसता हसता वाकला आणि त्यानं मडकं काढून पुढच्याच्या हातात दिलं. घमेली ज्या रांगेतून वर चालली होती त्याच रांगेतून ते मडकं खाली यायला लागलं, या हातातून त्या हातात, प्रत्येक जण त्याच्या बुडातून एकदा आरपार बघायचा आणि पुढं द्यायचा. शेवटच्या पोरानं ते तिच्या हातात आणून दिलं. तिच्या एका हातात पळी होती. तिनं दुसऱ्या हातानं मडकं घेतलं आणि पायाशी ठेवलं, कारण रस्सा खाली लागत होता. तेव्हाही तिला राग आला नव्हता. सगळ्यांबरोबर तीही थोडी हसली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वर पाणी मारायला गेली तेव्हा स्लॅब सपाट होता, मडक्याची जागा ओळखूसुद्धा येत नव्हती. पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. त्या वर्षी ती खरंच सुखात होती.

चुलीपुढून ती उठली तेव्हा खोकल्यानं पोट दुखत होतं. भिंत धरून धरून ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि बोळातून खैरुनबीच्या परड्यात गेली. खैरुनबी म्हणजे बाबालालची बायको. साऱ्या गल्लीचे स्लॅब बाबालालनं घातले, स्वतःचं घर मात्र कौलारूच राहिलं. चांभाराच्या बायकोला कधी वहाण मिळत नाही, असं खैरुनबी स्वतःच म्हणायची. तिची चूल परड्यात, पेरूच्या झाडाखाली, वर चार पत्रे टाकलेली. दुपारच्या दोन घटका चिमणाबाई तिथं येऊन बसायची हा नेम होता. इथं आलं की छाती मोकळी व्हायची, कधी कधी पेरूचा नाहीतर कांद्याचा उगीच एखादा वास यायचा. ते खैरूच्या गप्पांचं औषध आहे असं ती इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. खैरुनबीला बोलायला विषय लागत नसे. पण आज खैरुनबी घरात नव्हती. ती इचलकरंजीला भावाकडं गेली होती, दोन दिवस झाले, हे चिमणाबाईला ठाऊक होतं आणि तरी पाय इकडं आले होते. ती रिकाम्या परड्यात रिकाम्या चुलीशेजारी बसली. एक कोंबडी तिच्याभोवती फिरली आणि गेली. कुणीही काही बोललं नाही, आणि छाती मोकळी झाली. रोजच्यासारखीच झाली. तिनं एक श्वास घेतला, तो खालपर्यंत गेला. दुसरा घेतला, तोही गेला. म्हणजे गप्पांचं औषध नव्हतं. ती पेरूच्या पानांकडं बघत राहिली. डॉक्टरचं बरोबर होतं. ओढत होती ती. सकाळी ओढत होती, संध्याकाळी ओढत होती, पाहुणे आले की जास्त ओढत होती. डॉक्टरपुढं हे तिच्या तोंडात आलं नव्हतं, कारण चुलीच्या धुराला कुणी धूर म्हणतं का? चुलीला हळदकुंकू लावतात. धूर म्हणजे विडीचा. हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं आणि तिला सुचलं नव्हतं, आणि ज्याला सुचायला पाहिजे होतं त्यानं तिच्या बोटांकडं बघितलं होतं. आता तिला वाईट वाटलं. लांबून, पण वाटलं. पुढचा हिवाळा दिवाळीनंतर येणार होता.

घरी येऊन तिनं पेटती लाकडं पाणी मारून विझवली. मागल्या दाराशी कोंबड्यांना अंड्यावर बसायला म्हणून ते बिनबुडाचं मडकं आडवं टाकलेलं होतं, त्यातलं भुसकाट तिनं झटकलं. विटा घराच्या बांधकामातल्याच उरलेल्या, मागं रचून ठेवलेल्या. तीन तीन वेळा थांबत, भिंतीला टेकत, तिनं एकेक वीट सोप्यातून पुढं नेली आणि घराच्या दर्शनी कट्ट्यावर चूल मांडली. त्या दर्शनी भागावर हंबीररावाचा फार जीव होता. वर सिमेंटमध्ये काढलेले दोन पोपट, लाल चोचीचे, त्यांच्या मधे उठावदार अक्षरांत 'हंबीर निवास' आणि खाली १९६८. दर दसऱ्याला तो स्वतः शिडी लावून पोपट रंगवायचा, चोच काढताना श्वास रोखून धरायचा. चिमणाबाईनं वर बघितलं नाही. वारा भवानी मंडपाच्या बाजूनं येत होता, त्या अंगाला तिनं मडकं उभं केलं, म्हणजे जाळ हलणार नाही. मडकं शेवटी चुलीच्याच कामाला आलं. मग तिनं परात आणली, तवा आणला, जोंधळ्याचं पीठ आणलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. नव्या चुलीचा पहिला धूर भसकन निघाला, कट्ट्यावरून वर चढला, भिंतीवरून गेला आणि डाव्या पोपटाला झाकून पुढं आभाळात निघून गेला. येणारेजाणारे बघत होते. गुंडूच्या बायकोनं विचारलं की आत काय नवीन काम काढलंय का; चिमणाबाईनं मान हलवली, व्हय का न्हाई ते तिचं तिलाच कळू दे.

दिवेलागणीला हंबीरराव आला. गल्लीच्या तोंडापासूनच त्याला दिसलं असावं, कारण तो सायकलवरून उतरून चालत आला. कट्ट्यापाशी थांबला. त्यानं आधी पोपट बघितला, मग चूल बघितली, मग चुलीशेजारचं मडकं. मडक्यावर त्याची नजर जरा जास्त राहिली. पलीकडच्या दारात गुंडू उभा होता, समोरच्या कट्ट्यावर गल्लीतली दोन म्हातारी माणसं बसली होती, त्या दिवशीच्या रांगेतलीच. हंबीरराव खाली वाकला आणि आवाज दाबून बोलला.

"हे काय आनि? आत जा की. लोकं बघाय लागल्यात. काय सांगू त्यास्नी?"

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. तिचा आवाज चढला नाही. चढवायला तिच्याजवळ तेवढा दम नव्हताच.

"सांगा की, बायको विडी वडतीया म्हनून. आता तुमच्या देखत वडतीया."

 हंबीररावानं सायकल भिंतीला लावली, वहाणा काढल्या आणि आत गेला. सोपा ओलांडून गेला, मधली खोली ओलांडून गेला. पुढं जिथं त्याच्या पावलांचा आवाज ऐकायची तिला कधी सवय नव्हती, तिथं तो ऐकू आला. बल्बचं बटण वाजलं.  तिला त्याच्याकडं न बघताही दिसत होतं की तो मधोमध उभा आहे आणि मान वर करून छत बघतोय. एकदा तो खोकला, कोरडा, एकटाच. खिडकी उघडल्याची करकर आली, आणि लगेच मिठाची बरणी सरकल्याची. नंतर तो खोलीतून बाहेर निघाल्याचा आवाज आलाच नाही. बोलावून आणावं असं तिला एकदा वाटलं. तिनं बोलावलं नाही.

ती त्या आवाजाकडं कान लावून बसली होती, तव्याकडं तिचं लक्ष नव्हतं. अंधार पडत चालला होता, तव्यावरचं काळं का पांढरं ते नीट दिसत नव्हतं. आणि मग तिच्या नाकापाशी काहीतरी आलं. आधी तिला ते काय आहे ते ओळखता आलं नाही. कुणीतरी फार वर्षांनी दारात यावं आणि नाव आठवू नये, तसं. मग आठवलं. भाकरी करपत होती. उलथणं तिच्या हातात होतं. तिनं डोळे मिटले, पुन्हा एकदा तो वास खालपर्यंत ओढून घेतला, आणि भाकरी लगेच उतरवली नाही.